कन्येची लोड टेस्ट

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.५०

गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक मोटारीचं मी आधी कार्ड लिहितो. जुनी तार कापण्यापूर्वी. खाचा किती, वेढे किती, तार किती जाड. ज्यानं आधी लिहून ठेवलं नाही, तो नंतर डोकं खाजवत बसतो. म्हणून ह्या वहीचीही सुरुवात कार्डानेच.

मालक: मी. वय ४८. धंदा: जळलेल्या मोटारी नव्या तारेने गुंडाळणे. शिक्षण: नववी, पुढचं सगळं स्वतःच्या हाताने. गुरू: नाही. सत्तावीस वर्षांत तक्रार घेऊन परत आलेल्या मोटारी: अकरा. त्यातल्या चार गिऱ्हाइकाच्या चुकीने.

पत्नी (ह्या वहीत ‘ही’): दाताच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर. माणसाने तोंड उघडण्याआधी कुठली दाढ दुखतेय ते ओळखते.

कन्या: एकुलती एक. वय १५ वर्षं ४ महिने. घरातलं नाव फ्यूज (मी ठेवलेलं, चिडली की आवाज न करता बंद पडते). उद्योग: बुटांच्या रिकाम्या खोक्यांत पुठ्ठ्याच्या इवल्याशा खोल्या करणे आणि त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकणे. फोन: स्वतःचा. दोष: दिवसभर त्यात तोंड.

वही सुरू करण्याचं कारण: शाळेची चिठ्ठी. ५ ऑक्टोबरला पालकसभा. विषय, ‘घरच्या घरी मुलांची ऑनलाइन सुरक्षा’. एका पालकाने दहा मिनिटं अनुभव सांगायचे आहेत. मी लगेच नाव दिलं. आता फक्त अनुभव घ्यायचे बाकी आहेत. तेहतीस दिवस आहेत. भरपूर.

३ सप्टेंबर, मंगळवार. रात्री ९.१०

नियमावली तयार. एकवीस कलमं. लॅमिनेट करून फ्रिजवर लावली. कलम ३: जेवताना फोन नाही. कलम १४: अनोळखी माणसाशी बोलू नये. कलम १५: ओळखीच्या माणसाशीही कामापुरतंच बोलावं.

कन्येने उभ्या उभ्या सगळी वाचली. म्हणाली, बाबा, हे सगळ्यांना लागू आहे का फक्त मला? मी म्हणालो, सगळ्यांना. कायदा तो कायदा.

८.४० ला जेवताना गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून मी घेतला. ८.४१ ला हिने तो माझ्या हातातून काढून पिठाच्या डब्यावर ठेवला. कलम ३ कडे फक्त भुवई उडवली.

व्यावसायिक फोन वगळावेत, अशी दुरुस्ती करायची होती. पण लॅमिनेशन झालं आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार. सायं. ७.३०

पालकांसाठीचं नियंत्रण-अ‍ॅप घेतलं. मुलाचा फोन किती वेळ चालू, काय बघतो, सगळा हिशोब पालकाला जातो. मेहुणा म्हणाला होता, भावोजी, मी येऊन लावून देतो. त्याने संगणकाचा कोर्स केला आहे, म्हणजे दुसऱ्याने शिकवलं म्हणून शिकला. मी नको म्हणालो. व्हिडिओ पाहून चाळीस मिनिटांत स्वतः लावलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ३.०५

गाळ्यात फोनने सांगितलं, तुमचा आजचा वेळ संपला आहे, आता बाहेर जाऊन खेळा.

अ‍ॅपमध्ये ‘मूल’ आणि ‘पालक’ ह्या दोन जागा फार जवळजवळ दिल्या आहेत. रचनेतला दोष.

८ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.४५

साप्ताहिक अहवाल हिच्या ईमेलवर आला. तिने चहा पिता पिता मोठ्याने वाचला. ‘आपल्या मुलाने ह्या आठवड्यात गालिचे धुण्याचे व्हिडिओ सहा तास दहा मिनिटं पाहिले.’ मेहुणा नेमका आलेला. खुर्चीतून पडायचा बाकी होता. म्हणाला, भावोजी, तुम्हाला आता रोज थोडं बाहेर न्यायला हवं. कन्या हसू दाबता दाबता ठसकली.

खुलासा: कामाचा शीण जातो म्हणून पाहतो. मळकट पाणी शेवटी स्वच्छ होतं, ते बघायला बरं वाटतं.

अ‍ॅप कन्येनेच काढून दिलं. चार सेकंदांत.

जाताना मेहुणा जिन्यात म्हणाला, एवढी यंत्रं कशाला लावताय, तिच्याशी बोला ना. एवढंच.

बोलणं! हे काय तंत्र झालं?

९ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १.५०

जेवताना सुचलं. डबा अर्धा ठेवून लिहितो आहे.

मोटार गुंडाळून झाली, झळाळी आली, फिरवली की छान फिरते. म्हणून ती चांगली झाली का? नाही. तिच्यावर ओझं टाकून बघावं लागतं. लोड टेस्ट. पाव ओझं, अर्धं, पाऊण, पूर्ण. टिकली तर गिऱ्हाइकाला द्यायची. कन्येला नियम दिले, पण ओझं कुठे टाकलं?

दुपारी १.४० ला एक खातं उघडलं. नाव: पिवळी छत्री. वय सोळा, मुलगी, शहरात नवी, पुठ्ठ्याच्या कामाची आवड. फोटोत एक छत्री. उद्यापासून ही पिवळी छत्री कन्येशी ओळख काढील आणि पायरी पायरीने अशी माहिती विचारील, जी देऊ नये. नापास झाली तर वेळीच कळेल. पास झाली तर पालकसभेला आकडेवारीसकट उदाहरण मिळेल.

हिला सांगितलेलं नाही. टेस्ट चालू असताना तिसऱ्याने मध्ये हात घालू नये.

१० सप्टेंबर, मंगळवार. सायं. ४.३०

कन्येच्या एका खोलीच्या फोटोखाली लिहिलं, ‘खुर्च्यांचे पाय सरळ कसे राहिले?’ तिने अकरा मिनिटांत उत्तर दिलं. काड्यापेटीच्या काड्या, गुल काढून, तिरक्या कापून, दोन वेळा गोंद.

पाव ओझं: शाळा कुठली? तिने लिहिलं, ते सांगत नाही मी, सॉरी हं.

पास. छाती फुगली.

१४ सप्टेंबर, शनिवार. दुपारी २.२०

रोज बोलणं होतं. अर्थात तपासणीचा भाग म्हणून. आज विचारलं, काय करतेयस? ती म्हणाली, का गं? मी लिहिलं, सहज.

बावीस ओळी आल्या. मोजल्या. ती आईच्या दवाखान्याची खोली करते आहे. प्रतीक्षा करायच्या सात खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, कारण खरी डुगडुगते. भिंतीवरचं दातांचं चित्र मोहरीएवढ्या दाढांचं. खोलीतला दिवा पेटावा म्हणून ती तांब्याची तार वापरते. ती कुठून आणते? ‘बाबांच्या कामाच्या पिशवीतून. तुकडेच असतात, त्यांना कळत नाही.’

मला कळत नाही!

पण तार तिने बरोबर जाडीची निवडली आहे. कोणी शिकवलं नाही. स्वतः तीन वेळा जाळून शिकली. वाचताना हातातली मोटार तशीच राहिली. रक्तात असतं ते असतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार. सायं. ५.००

नऊ दिवसांत ओझं वाढवलेलं नाही. राहून जातं. आज दिव्याच्या जोडणीवर बोलणं लांबलं. ती म्हणाली, तुला इतकं कसं माहीत? मी लिहिलं, वाचते खूप. ती म्हणाली, तू ना, आजीसारखी बोलतेस, पण मला आवडतं.

हे दोनदा वाचलं. गिऱ्हाईक ताटकळलं.

घरी मात्र मी विचारलं, आज शाळेत काय झालं, तर म्हणाली, काही नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार. रात्री ८.१५

पिवळ्या छत्रीने विचारलं, आईची खोली केलीस, बाबांचा गाळा का करत नाहीस? (ह्याचा तपासणीशी संबंध नाही, हे मान्य.)

ती: ‘तिथे मला आत येऊ देत नाहीत. हात लावू नकोस म्हणतात. ड्रॉवरमध्ये काय असतं ते माहीतच नाही, तर करू कसा?’

मग: ‘बाबांना सगळं येतं गं. पण एक विचारलं की चाळीस सांगतात आणि मग परीक्षा घेतात. म्हणून मी विचारत नाही.’

‘बाबांना सगळं येतं’ ह्याखाली रेघ मारून ठेवतो.

बाकीचं वाक्य लहान मुलांचं बोलणं म्हणून सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत सोडत होतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार. सायं. ७.१०

पिवळ्या छत्रीला ती म्हणाली, गोंद संपला, खाली जाऊन आणते. मी लगेच लिहिलं, जिन्यात अंधार आहे, जपून उतर. आमच्या जिन्यातला बल्ब सकाळीच गेला आहे. सुरक्षेचा मुद्दा होता.

ती उत्तराऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह टाकून गेली. घाईत असावी.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. सायं. ४.२०

आठ दिवस उरले. भाषणाला निकाल हवा. शिस्त म्हणजे शिस्त. गप्पा मारायला खातं उघडलेलं नाही.

पूर्ण ओझं टाकलं. बरोबर ४.१२ ला. ‘भेटूया का? एकटी ये. घरी सांगू नकोस.’

उत्तर नाही. ४.१९ ला पिवळ्या छत्रीला ब्लॉक केलं.

पास! शंभरपैकी शंभर! नावाजलेल्या कंपनीची मोटारही पूर्ण ओझ्यावर क्षणभर कण्हते. ही कण्हलीसुद्धा नाही!

घरी जाताना चॉकलेटचा केक नेणार आहे. कारण विचारलं तर सहज म्हणेन.

२७ सप्टेंबर. रात्री ९.००

केक कोणी खाल्ला नाही.

मी पोचलो तर घराचे सगळे पडदे ओढलेले. कन्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या स्टुलावर, आईला चिकटून. ही म्हणाली, एका बाईचं, नाहीतर माणसाचं, कोणाचं कोण जाणे, खातं होतं. फ्यूजला मैत्रीण वाटली. आज भेटायला बोलावलं. पण ते जाऊ दे. मंगळवारी त्याने लिहिलं होतं, जिन्यात अंधार आहे. अहो, त्याने आपला जिना पाहिलाय. तो इथे येऊन गेलाय.

कन्या माझ्याकडे पाहून म्हणाली, बाबा, दाराला आतून दोन कड्या लावशील?

लावल्या.

त्याच वेळी सांगणार होतो. पण हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. शिवाय हिने दुधाची पिशवी उघडली. शिवाय सगळे दमलेले होते. उद्या सकाळी, शांतपणे, मुद्देसूद.

२८ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ८.१५

सकाळी घाई होती.

३० सप्टेंबर, सोमवार. सायं. ६.४०

कन्येने शाळेतल्या समुपदेशक बाईंना सगळं सांगितलं. स्वतःहून. संभाषणाचे फोटो काढून ठेवले होते, तारखेने लावून. कोणीही शिकवलं नव्हतं. एकवीस कलमांत हे कुठेच नाही.

ती आता जिना एकटी उतरत नाही. शाळेत जाताना ही सोडते, येताना मी. रस्त्यात कोणी छत्रीवालं दिसलं की माझी बाही धरते. लहानपणी धरायची तशी. आवडलं, हे लिहायलाच हवं. इथे खोटं लिहून काय उपयोग. आणि मग लाज वाटली. धरायला बाही तिने चुकीची निवडली होती.

आज सांगणारच होतो. पण तिने रस्त्यात विचारलं, बाबा, मी मूर्ख आहे का? मी त्या छत्रीला सगळं सांगितलं रे. तुझ्याबद्दलपण. मी म्हणालो, नाही गं, तू मूर्ख नाहीस. पुढचं वाक्य तयार होतं. तेवढ्यात घर आलं.

घर रोज त्याच अंतरावर असतं. नऊशे चाळीस पावलं. मोजलेली आहेत.

२ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी २.००

खोके सगळे माळ्यावर टाकले तिने. इंटरनेटवरचे खोल्यांचे फोटो काढून टाकले. दवाखान्याची खोली रद्दीत होती. सातवी खुर्ची, डुगडुगणारी, खाली पडली होती. मी खिशात घातली. दुसरं काय करणार होतो?

विचार करून ठरवलं: खातं बंद करून टाकतो, म्हणजे धोकाच संपला. बंद केलं. घरी कोणाला सांगता येईना की धोका संपला, कारण मला कसं कळलं?

मी एक अत्यंत भक्कम कुलूप केलं आहे आणि त्याच्या आत उभा आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार. सायं. ७.३०

पालकसभा. इस्त्रीचा शर्ट. हातात चौदा कार्डं. पहिल्या रांगेत जागा, कारण वक्ता.

आधी समुपदेशक बाई बोलल्या. म्हणाल्या, आपल्याच शाळेतलं ताजं उदाहरण दाखवते, मुलीच्या आईच्या परवानगीने, नाव झाकलं आहे. पडद्यावर मी आलो. दहा फूट बाय सहा फूट. ‘जिन्यात अंधार आहे, जपून उतर.’ मागे दीडशे माणसांनी एकदम श्वास घेतला. मग ‘एकटी ये. घरी सांगू नकोस.’

बाई म्हणाल्या, बघा, घाई नाही. आधी तीन आठवडे विश्वास कमावला. तिच्या आवडीचं बोलला. हे कोणा पोराटोराचं काम नाही. चाळिशी-पन्नाशीचा, सराईत माणूस.

सराईत! अठरा दिवस झाले होते फक्त. हात वर करून दुरुस्ती सांगावीशी वाटली, इतकं डोकं फिरलं होतं.

मागून एक पालक, बेकरीवाले, म्हणाले, असल्याला भर चौकात बडवला पाहिजे. सगळे हो हो म्हणाले. मी मान डोलावली. मग शेजारचे माझ्याकडे बघत होते म्हणून मोठ्यानेही म्हणालो, बडवलाच पाहिजे.

मग माझं नाव पुकारलं.

पहिलं कार्ड: ‘घर हीच सर्वांत सुरक्षित जागा.’ वाचता येईना. दुसरं, तिसरं. पाठीमागे पडद्यावर अजून मीच होतो. बाई बंद करायला विसरल्या. शेवटी कार्डं खाली ठेवली आणि म्हणालो, मुलांशी बोला. एवढंच. आणि उतरलो.

टाळ्या! सगळ्यांत मोठ्या. वाक्य मेहुण्याचं. तिसऱ्या रांगेत ही डोळे पुसत होती. तिला वाटलं, बापाचा गळा भरून आला.

भरून आलाच होता. कशाने, ते तिला माहीत नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.२०

आता पटापट लिहितो.

हिने सायबर पोलिसांकडे द्यायचा तक्रार-अर्ज भरून ठेवला होता. वडिलांची सही हवी. मी चष्मा लावला. सही करायच्या आधी कागद वाचायचा, ही माझी सवय. उभ्या आयुष्यात न वाचता सही केलेली नाही. रकाना सहा: ‘सदर खाते कधीपासून सुरू?’ तिने लिहिलं होतं, ‘अंदाजे ऑगस्ट.’

अंदाजे! सरकारी कागदावर!

मी काट मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ९ सप्टेंबर, सोमवार, दुपारी १.४०.

पेन खाली ठेवलं आणि मग कळलं.

ही भाजी निवडत होती. कागद घेऊन वाचला. म्हणाली, तारीख कशी माहीत तुम्हाला? मी पेनाचं टोपण लावलं. म्हणाली, वारसुद्धा. म्हणाली, मिनिटं लिहिलीत की हो.

मग ती खाली बसली. फरशीवरच. म्हणाली, कुंपणानंच खाल्लं म्हणायचं शेत.

मी तपासणीची कल्पना समजावू लागलो. पाव ओझं, अर्धं ओझं. ती म्हणाली, अहो, ती पोरगी नऊ दिवस आंघोळीलासुद्धा मला दाराबाहेर उभं करते. तुम्ही कड्या लावल्यात दाराला. तुम्ही! कोणाला बाहेर ठेवायला लावल्यात?

ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. सहाच्या आत. आणि उद्या त्या बाईंनाही.

६ ऑक्टोबर. सायं. ६.२५

५.४८ ला सांगितलं. बारा मिनिटं शिल्लक होती. हे अभिमानाने लिहिलेलं नाही.

आठ मुद्दे लिहून नेले होते. ती पलंगावर पाय वर घेऊन गणित करत होती, पडदा ओढलेला. मी दारात उभा राहून म्हणालो, पिवळी छत्री म्हणजे मी.

ती हसली. म्हणाली, बाबा, प्लीज हां, हा काय विनोद आहे का?

मी म्हणालो, विनोद नाही. तिला अजून पटेना. वाटलं असेल, तिची भीती घालवायला थाप मारतो आहे. तिने फार चांगला विचार केला माझ्याबद्दल. मग तिने वही मिटून विचारलं, बरं मग सांग, कुठली खोली करता येत नाही म्हणाले होते मी?

गाळा, मी म्हणालो. ड्रॉवरमध्ये काय असतं ते माहीत नाही म्हणून.

चेहरा कसा झाला, ते लिहिता येत नाही. मी आकड्यांतला माणूस आहे.

म्हणाली, म्हणजे बाहेर कोणी नाही? मी म्हणालो, कोणी नाही. कधीच नव्हतं. तिने लांब श्वास सोडला, उठली, पडदा बाजूला केला आणि खिडकी सताड उघडली. मला वाटलं, चला, सुटलो. आठही मुद्दे वाचले.

मग ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, म्हणजे ती पण नव्हती.

मी म्हणालो, कोण?

म्हणाली, बाबा, तू बाहेर जा.

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ११.४०

समुपदेशक बाईंकडे जाऊन आलो. लहान मुलांच्या मापाच्या खुर्चीत बसलो, दुसरी नव्हती. सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, परवा इतकं सुंदर बोललात तुम्ही. मी म्हणालो, ते वाक्य मेहुण्याचं होतं. तेवढं तरी खरं सांगावं म्हटलं.

त्यांनी विचारलं, ह्यातून मुलगी काय शिकली असं तुम्हाला वाटतं? मी म्हणालो, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नये. त्या म्हणाल्या, ते तिला आधीच येत होतं.

मी पुढच्या वाक्याची वाट बघितली.

९ ऑक्टोबर, बुधवार. सायं. ८.००

ती जिना एकटी उतरते. शाळेत एकटी जाते, एकटी येते. आंघोळीला दाराबाहेर कोणी लागत नाही. दोन्ही कड्या काढल्या. भोकं राहिली आहेत, भरायला हवीत.

माझ्याशी नीट वागते. हो. नाही. ठेवलंय. आईला विचार. भांडली असती तर उत्तर तरी देता आलं असतं. फ्यूज उडाला असं म्हणायला गेलो, तर ही म्हणाली, आता ते नाव पुरे करा.

मेहुण्याला सगळं कळलं आहे. त्याचा फोन आला. मी तयारीत होतो. तो एकदाही हसला नाही. म्हणाला, भावोजी, जेवलात का? हे फार लागलं.

१३ ऑक्टोबर, रविवार. सायं. ५.३०

सकाळी माळ्यावरून खोका काढल्याचा आवाज आला. कात्रीचाही. आनंद झाला. तासभर थांबलो. मग जाऊन तिचं दार वाजवलं. दार उघडंच होतं, तरी वाजवलं.

विचारलं, काय करतेयस?

म्हणाली, काही नाही.

ह्याच प्रश्नाला त्या दुसरीला बावीस ओळी मिळाल्या होत्या.

मी म्हणालो, गाळ्यात येशील का कधी? ड्रॉवर उघडून दाखवतो. एका प्रश्नाला एकच उत्तर देईन. परीक्षा नाही.

म्हणाली, बघू.

मग माझ्याकडे पाहून, अगदी शांतपणे, भांडणाच्या सुरात नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं: कशाला विचारतोयस?

मी म्हणालो, सहज.

म्हटलं आणि लक्षात आलं, हा त्या दुसरीचा शब्द. तिच्याही लक्षात आलं असावं. तिने दार लावलं नाही. फक्त खोक्यावर हात आडवा ठेवला आणि मी जाईपर्यंत तसाच ठेवला.